आल्मोतोलिया

एकोणीसशे चौऱ्याहत्तर. कुडचड्याच्या धक्क्यावर
बार्ज दुरुस्तीच्या शेडमध्ये माझा पहिला दिवस.
सावंतवाडीहून आलेलो, ट्रंकेत आयटीआयचं सर्टिफिकेट
आणि खिशात आईने दिलेला, अजून कडक असलेला रुमाल.

रुझार मिस्त्री इंजिनाच्या पोटात कमरेपर्यंत शिरलेला.
बाहेर फक्त पाय. ते पायच बोलले:
"आरे चल्या, आल्मोतोलिया हाड!"

मी पाना नेला. पाय म्हणाले, न्हय.
मी कानस नेली, पक्कड नेली, चिंध्यांचं बोचकं नेलं.
शेवटी आतून एक काळा हात आला
आणि अंगठ्याने हवेचा तळ दाबून दाखवला:
टिक्-टॉक.

हात्तिच्या!
शंकूसारखं पत्र्याचं पोट, वर ही लांब नळी,
जिथे बोट पोचत नाही तिथे डोकावून येणारी.
घरी शिवणाच्या मशीनला आई तेल सोडायची
त्या कुपीला नावच नव्हतं.
आई म्हणायची, "ती आण रे," आणि आम्ही ती आणायचो.
आयटीआयच्या पुस्तकात होतं 'वंगणपात्र',
धुतलेला, इस्त्रीचा शब्द;
त्याच्यावर तेलाचा डाग मी कधी पाहिला नाही.

मिस्त्रीने व्याकरण शिकवलं ते असं:
दोन थेंब. तिसरा नको.
तिसरा थेंब धुळीला आवतण देतो,
आणि इथली धूळ म्हणजे खनिज, लाल, दातांची.
तेलात ती मिसळली की तेलाचीच कानस होते,
बेअरिंग आतून खात बसते, आवाजसुद्धा न करता.
आधी पूस. मग दाब. मग कान लाव.

पुढे कळलं, शब्द शेडबाहेरही जातो.
परवान्याचा कागद टेबलावर अडला की
कारकुनाकडे बघून कोणीतरी पुटपुटे,
"हाका आल्मोतोलिया जाय."
दोन रुसलेल्या भावांमध्ये जा-ये करणारा
बाप्तिस्त पोदेरही आल्मोतोलियाच.
आणि सुपरवायझर नायक, गोड बोलून
रविवारी कामावर बोलावणारा,
त्याला तर पाठीमागे दुसरं नावच नव्हतं.

चर्चजवळच्या शाळेतले एक म्हातारे मास्तर म्हणायचे,
हा शब्द पोर्तुगीजांचाही नव्हे, अरबांचा,
माखायची ती, लेप द्यायची ती, असा काहीसा अर्थ.
मी मिस्त्रीला सांगितलं.
तो म्हणाला, "अरब बरे. बूड गळता, तें पळय."
खरंच गळत होतं. डाग दिला.

मग ग्रीस गन आल्या, निपल आले,
मग सीलबंद बेअरिंगं, ज्यांना कोणाची गरज नसते.
मग खाणी थांबल्या. बार्जी नदीत उभ्या राहून गंजल्या.
स्टोअरचं शेवटचं रजिस्टर मी लिहिलं:
'तेल घालण्याचे साधन, पत्र्याचे, जुने, नग एक.'
खरं नाव लिहायला हात उचलला होता.
पण ऑडिटला कळलं नसतं, आणि स्पेलिंग कोणाला येत होतं?

रुझार मिस्त्री गेला तेव्हा पेटी चाकांच्या गाडीवर होती.
चर्चच्या दारापासून कबरीपर्यंत
उजवं मागचं चाक ओरडत होतं, कूं, कूं,
आणि सगळे ते ऐकू येत नसल्यासारखे चालत होते.
मला राहवलं नाही. तोंडातून निघालं,
जरा मोठ्यानेच: "आल्मोतोलिया."

नातू जॉयविन, मुंबईहून आलेला,
त्याला वाटली जुनी कसलीतरी प्रार्थना.
छातीवर खुरीस करून तो म्हणाला, "आमेन."

कॉन्सेसांवने, मिस्त्रीच्या बायकोने,
काळ्या ओढणीआडून माझ्याकडे पाहिलं.
तिचे खांदे हलायला लागले.
लोकांना वाटलं, रडते आहे.
थोडी रडतही होती.

चाक शेवटपर्यंत वाजत गेलं.
दोन थेंब पुरले असते.